छोट्या गाडीला रुंद टायर बसवताना: मोजमाप आतल्या बाजूचं

रुंद टायर बसवायचं मनात आलं की माणूस गाडीपासून चार पावलं मागे सरकून उभा राहतो आणि बघतो, मडगार्डच्या कमानीत जागा किती आहे, नवा टायर भरल्यासारखा दिसेल का. बघायची जागा ती नाही. छोट्या गाडीत टायर बहुधा आतून अडतो. कधी शॉकअपच्या नळीपाशी, कधी मडगार्डच्या आतल्या प्लास्टिकच्या अस्तराला. ते बघायला गुडघे टेकून, हातात बॅटरी धरून वाकावं लागतं. जे वाकत नाहीत त्यांना ते चारही टायरांचे पैसे दिल्यावर, गाडीत पाच माणसं बसल्यावर आणि पहिल्या मोठ्या वळणावर कळतं.

हा लेख पहिल्यांदाच टायर बदलणाऱ्यांसाठी आहे. जुने टायर गोटा झालेत, नवे घ्यायचेच आहेत, मग एक माप रुंद घ्यावेत का, घ्यायचे तर कुठले आणि बसवताना काय बघायचं, हे ज्या क्रमाने करायचं त्याच क्रमाने लिहितो आहे.

आधी ठरवा, रुंदी कशासाठी हवी

टायर रुंद झाला की रस्त्याला टेकणारं रबर तेवढ्याच पटीत वाढतं, असा सर्वसाधारण समज आहे. तसं होत नाही. टायर किती टेकतो हे मुख्यतः त्यावरच्या वजनावर आणि आतल्या हवेच्या दाबावर ठरतं. आठशे किलोच्या गाडीत एका चाकावर साधारण २०० किलो येतात. दाब ३० पीएसआय, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २.१ किलो. भागाकार केला तर टेकणारी जागा ९५ चौरस सेंटिमीटरच्या आसपास येते, एका तळहाताएवढी. टायर १५५ चा असो की १७५ चा, वजन आणि दाब तेच राहिले तर हा आकडा फारसा हलत नाही. बदलतो तो त्या तळव्याचा आकार. अरुंद टायरचा तळवा लांबट, रुंद टायरचा आखूड आणि आडवा.

आडव्या तळव्याचा फायदा वळणावर होतो. कोरड्या रस्त्यावर गाडी वळताना कमी हलते, स्टेअरिंगला चटकन उत्तर देते. त्याच आडव्या तळव्याला साचलेल्या पाण्यातून जाताना जास्त पाणी बाजूला सारावं लागतं, म्हणून तो अरुंद टायरपेक्षा कमी वेगालाच पाण्यावर तरंगायला लागतो. शिवाय स्टेअरिंग जड होतं आणि पॉवर स्टेअरिंग नसेल तर गाडी लावताना ते मनगटाला चांगलंच जाणवतं. चाक वजनाने वाढलं की छोट्या इंजिनाचा पिकअप मंदावतो, ॲव्हरेजही थोडं उतरतं.

माझं मत स्पष्ट आहे. पकड वाढवायची असेल तर आधी मूळ मापातच चांगल्या रबराचा, चांगल्या नक्षीचा टायर बघा. रबराचा फरक २० मिलिमीटरच्या रुंदीपेक्षा कितीतरी जास्त पडतो. एवढं करूनही रुंद हवा असेल तर १० मिलिमीटर, फार तर २० मिलिमीटर वाढवा. त्यापुढे छोट्या गाडीच्या बाबतीत मी जात नाही.

टायरवरचा मजकूर वाचा

टायरच्या बाजूवर उठावाच्या अक्षरांत १५५/८० आर १३ ७९ टी असं काहीतरी लिहिलेलं असतं. १५५ ही रुंदी, मिलिमीटरमध्ये. ही नक्षीची रुंदी नव्हे, फुगलेल्या टायरच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंतची. ८० म्हणजे टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या ८० टक्के. आर म्हणजे रेडियल. १३ हा रिमचा व्यास, इंचात. ७९ हा भाराचा निर्देशांक, एका टायरने पेलायचं जास्तीत जास्त वजन ४३७ किलो. टी म्हणजे ताशी १९० किलोमीटरपर्यंतची परवानगी.

गाडीला कारखान्याने कुठलं माप दिलंय ते चालकाच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर किंवा गाडीच्या पुस्तकात असतं. तिथूनच घ्या, बसलेल्या टायरवरून नको. गाडी जुनी घेतलेली असेल तर आधीच्या मालकाने माप बदललेलं असू शकतं. त्याच पुस्तकात वरच्या मॉडेलसाठी दिलेलं रुंद माप बऱ्याचदा सापडतं. ते मिळालं तर तेच घ्या, पण त्या मॉडेलची रिमही वेगळी आहे का तेवढं बघा.

व्यासाचा हिशेब

इथे सगळ्यात जास्त लोक चुकतात आणि चूक एकाच प्रकारची असते. १५५/८० च्या जागी १७५/८० मागतात. ऐकायला बरोबर वाटतं, कारण आपल्याला फक्त रुंदी वाढवायची असते. पण ८० हे टक्के आहेत, आणि ते रुंदीचे टक्के आहेत. रुंदी वाढली की उंचीही वाढली.

कागद घ्या. १५५ चे ८० टक्के १२४. भिंत वर एक आणि खाली एक, म्हणून दुप्पट, २४८. रिम १३ इंच, एका इंचाला २५.४ मिलिमीटर धरून ३३०.२. बेरीज ५७८.२ मिलिमीटर, हा तुमच्या मूळ टायरचा व्यास. आता १७५/८० आर १३ घ्या. १७५ चे ८० टक्के १४०, दुप्पट २८०, अधिक ३३०.२, म्हणजे ६१०.२. टायर ३२ मिलिमीटरने उंच झाला, साडेपाच टक्के. तेच १७५/७० आर १३ घेतलं तर १२२.५ ची दुप्पट २४५, अधिक ३३०.२, बेरीज ५७५.२. फरक फक्त ३ मिलिमीटर, अर्ध्या टक्क्याचा. हे माप चालतं.

व्यासाला एवढं धरून बसायचं कारण असं, की गाडीचं मीटर चाकाचे फेरे मोजतं, रस्ता मोजत नाही. साडेपाच टक्के मोठा टायर लावला की काटा १०० दाखवत असताना गाडी साडेपाच किलोमीटर जास्त वेगाने जात असते. संयुक्त राष्ट्रांच्या वाहन-नियमावलीतला ३९ क्रमांकाचा नियम सांगतो की मीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी वेग कधीच दाखवू नये. जास्त दाखवला तर एका मर्यादेत चालतं, खऱ्या वेगाच्या दहा टक्के अधिक ताशी ४ किलोमीटर. म्हणून व्यास जुळत नसेल तर किंचित लहान बाजूला राहावं, मोठ्या बाजूला नको. मी फरक दोन टक्क्यांच्या आत ठेवतो. टायर मोठा झाला की किलोमीटरही कमी मोजले जातात, त्यामुळे प्रत्यक्षात घटलं त्याहून ॲव्हरेज जास्त घटल्यासारखं वाटतं.

अजून एक उदाहरण सोडवून बघा म्हणजे हात बसेल. १६५/७० आर १४ चा व्यास ५८६.६. त्याच्या जागी १७५/६५ आर १४ घेतला तर ५८३.१, आणि १८५/६० आर १४ घेतला तर ५७७.६. पहिल्यात फरक ०.६ टक्के, दुसऱ्यात दीड टक्का. रुंदी दहाने वाढली की टक्के पाचने उतरवायचे, ही ढोबळ रीत छोट्या मापांना लागू पडते, पण हिशेब केल्याशिवाय तिच्यावर विसंबू नका.

रिम तेवढी रुंद आहे का

टायर रिमच्या दोन कडांत अडकून बसतो. त्या कडांमधलं अंतर इंचात, इंग्रजी ‘जे’ या अक्षरासोबत लिहिलेलं असतं: ४.५ जे × १३, ५ जे × १४ असं. हा शिक्का बहुधा डिस्कच्या मागच्या बाजूला किंवा व्हॉल्व्हच्या भोकाजवळ असतो. चिखल धुतल्याशिवाय दिसत नाही, तेव्हा ओलं फडकं घेऊन बसा.

प्रत्येक टायर-मापाला रिमच्या रुंदीची ठरलेली मर्यादा असते. १५५/८० आर १३ ला ४ ते ५.५ इंच. १७५/७० आर १३ ला ४.५ ते ६ इंच. म्हणजे ४.५ ची रिम दोन्हींना चालते, दुसऱ्याला अगदी काठावर. पण १७५/६५ आर १४ घ्यायचा झाला तर किमान ५ इंचाची रिम लागते. रुंदी तीच १७५, नुसती भिंत बुटकी झाली आणि अट बदलली. त्यामुळे १७५ चालतो असं कोणी सांगितलं तर ७० चा की ६५ चा हे विचारा. नेमकी मर्यादा टायर कंपनीच्या मापांच्या तक्त्यात असते, ती बघितल्याशिवाय टायर ठरवू नका.

अरुंद रिमवर रुंद टायर चढतो हे खरं. यंत्रावर कुठलाही चढतो. पण तो खालून चिमटीत धरल्यासारखा राहतो, भिंती बाहेर फुगतात, वळणावर गाडी लचकते आणि नक्षी मधोमध झिजते. ज्यासाठी रुंद टायर घेतला तेच हातचं जातं.

नवी रिमच घेणार असाल तर रुंदीखेरीज तीन गोष्टी जुळवा: नटांची संख्या आणि त्यांच्या वर्तुळाचा व्यास, मधल्या भोकाचा व्यास, आणि ऑफसेट. ऑफसेट म्हणजे रिमच्या मध्यरेषेपासून गाडीला टेकणाऱ्या पृष्ठभागापर्यंतचं अंतर, ईटी ४५ असं लिहिलेलं. समजा ४.५ जे ईटी ४५ काढून ५.५ जे ईटी ४० लावली. रुंदी २५.४ मिलिमीटरने वाढली, अर्धी अर्धी वाटली तर प्रत्येक बाजूला १२.७. ऑफसेट ५ ने घटल्यामुळे अख्खी रिम ५ मिलिमीटर बाहेर सरकली. म्हणजे आत ७.७ ची वाढ, बाहेर १७.७ ची. हे दोन आकडे हातात आल्याशिवाय रिम घेऊ नका.

आतली जागा मोजणं

आता वाकायचं. सपाट जमिनीवर गाडी उभी करा, हॅण्डब्रेक ओढा, गिअरमध्ये ठेवा, चाकांना दगड किंवा लाकडी ठोकळे लावा. बॅटरी, स्टीलची पट्टी आणि मुलं खेळतात ती मऊ क्ले एवढंच सामान लागतं. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली अंगाचा कुठलाही भाग घालू नका.

जुना टायर जागेवर असतानाच पुढच्या चाकाच्या आत उजेड टाका. टायरच्या आतल्या भिंतीसमोर शॉकअपची नळी दिसेल. तिला वर स्प्रिंगची बशी असते आणि काही गाड्यांत ती टायरच्या माथ्यावर येते. नळी आणि भिंत यांच्यातलं सगळ्यात अरुंद अंतर मोजा, बशी आणि नक्षी यांच्यातलंही मोजा. हे मोजमाप उभ्या गाडीतच भरवशाचं असतं, कारण शॉकअपचा खालचा भाग आणि चाक एकत्रच वरखाली होतात. खड्ड्यात गेल्यावरही हे अंतर जवळपास तेच राहतं. त्याच रिमवर टायर २० मिलिमीटरने रुंद झाला की आतून १० मिलिमीटर पुढे येतो. प्रत्यक्षात अरुंद रिमवर तो थोडा कमी फुगतो, रिमच्या दर अर्ध्या इंचामागे साधारण ५ मिलिमीटर. पण हिशेब पूर्ण १० चाच धरा. एकाच मापाचे टायर कंपनी-कंपनीत काही मिलिमीटरने वेगळे भरतात. एवढं वजा करून आडवी पेन्सिल मोकळी फिरेल इतकी, म्हणजे ७ मिलिमीटर जागा उरत असेल तर पुढे जा. त्याहून कमी उरत असेल तर १० मिलिमीटरच वाढवा.

अस्तराचं तसं नाही. ते बॉडीला पक्कं असतं आणि चाक त्याच्याकडे येत-जात असतं, त्यामुळे उभ्या गाडीत बघून काही कळत नाही. दुकानात आधी एकच टायर चढवून मागा आणि पुढच्या चाकाला लावा. स्टेअरिंग एका टोकापर्यंत फिरवा, अस्तराचा मागचा कोपरा आणि मडफ्लॅप बघा, मग दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून पुढचा कोपरा, ब्रेकची रबरी नळी आणि अँटिरोल बारचा (वळणावर गाडी कलू नये म्हणून असतो तो) दांडा. जिथे शंका येते तिथे क्लेचे बोराएवढे गोळे चिकटवा. गाडीत माणसं बसवा आणि मोकळ्या जागेत, चालायच्या वेगाने, स्टेअरिंग पूर्ण वळवून एखाद्या उंचवट्यावरून जा. परत येऊन गोळे बघा. गोळा जसाच्या तसा असेल तर त्याच्या जाडीएवढी जागा आहेच. चपटा झाला असेल तर उरलेली जाडी मोजा, तेवढीच तिथली जागा. नक्षीचा ठसा उमटलेला असेल आणि गोळा पापडासारखा झाला असेल तर ते माप तुमच्या गाडीचं नाही. हीच तपासणी मागच्या चाकाला करा. तिथे कमानीची आत वळलेली पत्र्याची कड बघायची, आणि मागची सीट आणि डिकी भरलेलीच हवी.

माझ्या गाडीला रुंद टायर बसवले तेव्हा ही भरलेल्या गाडीची चाचणी मी केली नव्हती. एकटा असताना सगळं ठीक होतं. चार माणसं घेऊन चढावर वळताना पुढून खर्र असा आवाज आला. उतरून बघितलं तर टायरच्या आतल्या खांद्यावर बोटभर रुंदीचा चकचकीत पट्टा उमटला होता आणि पट्ट्याच्या मधोमध नखाने ओढल्यासारखी चीर. अस्तर धरून ठेवणाऱ्या स्क्रूचं डोकं तिथे लागत होतं. तेव्हापासून कुठलाही टायर लावायच्या आधी मी त्या स्क्रूंवरून बोट फिरवतो.

कमानीची कड ठोकून वाकवणं, अस्तर कापणं, चाक बाहेर सरकवायला स्पेसर घालणं, हे उपाय तुम्हाला सुचवले जातील. कड ठोकली की रंग उडून तिथून गंज धरतो, अस्तर कापलं की पाणी आणि चिखल वायरिंगपर्यंत जातो, स्पेसरने बेअरिंगवरचा भार वाढतो. टायर बसत नसेल तर टायर बदला, गाडी नको.

टायर हातात घेतल्यावर

भाराचा निर्देशांक आणि वेगाचं अक्षर मूळ टायरइतकं किंवा त्याहून वरचं हवं, खालचं कधीच नाही. १७५/७० आर १३ बहुधा ८२ चा येतो, म्हणजे ४७५ किलो, तेव्हा अडचण येत नाही. बाजूवर डीओटी या अक्षरांनंतरच्या मजकुराच्या शेवटी चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि नंतरचे दोन वर्षाचे. २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. चारही टायरांवरचे हे आकडे स्वतः वाचा. काही टायरांवर फिरण्याच्या दिशेचा बाण असतो, काहींवर बाहेरची बाजू कुठली ते लिहिलेलं असतं. बसवणाऱ्याचं लक्ष असतं, तरी आपलंही असू द्या.

बसवताना

जुना टायर उतरल्यावर रिमची कड तारेच्या ब्रशने घासून घ्या, गंजाच्या खपल्या राहिल्या तर ट्यूबलेस टायरची हवा हळूहळू उतरत राहते. व्हॉल्व्ह नवे घाला. हवा भरताना टायरची कड रिमच्या खाचेत बसते तेव्हा दोनदा फटकन आवाज येतो, एकेका बाजूचा. मग बॅलन्सिंग. टायर बदलला म्हणजे जुनी वजनं काढून पहिल्यापासून करायचं.

चाक गाडीला लावताना चाकाची डिस्क आणि हब (गाडीचा ज्यावर चाक बसतं तो भाग) जिथे टेकतात तो भाग पुसून घ्या. नट सुरुवातीला हातानेच फिरवा, आटे बसले की समोरासमोरचे घट्ट करा, ओळीने नाही. किती घट्ट करायचे तो आकडा गाडीच्या पुस्तकात असतो आणि तो टॉर्क पान्यावरच कळतो. एअर गनने आवळून सोडलेले नट रस्त्यात पंक्चर झाल्यावर गाडीतल्या छोट्या पान्याने सुटत नाहीत. गनने लावले असतील तर तिथेच सैल करून पान्याने आवळून मागा.

हवा स्टिकरवरच्या आकड्याइतकी, टायर थंड असताना. टायर रुंद झाला म्हणून दाब कमी करू नका. त्यानंतर अलाइनमेंट. टो, म्हणजे वरून बघितल्यावर चाकं किती आत किंवा बाहेर वळलेली आहेत ते, थोडासा जरी चुकीचा असला तरी नव्या टायरची एक कड काही हजार किलोमीटरमध्ये साफ होते.

चारही टायर एकदम बदलणं सगळ्यात बरं. दोनच घेणं शक्य असेल तर जोडी मागे लावा, इंजिन पुढची चाकं फिरवत असलं तरी. ओल्या रस्त्यावर पुढची चाकं घसरली तर वेग कमी करून गाडी सावरता येते, मागची घसरली तर गाडी गर्रकन फिरते. एका ॲक्सलवर दोन मापं कधीच नकोत.

स्टेपनी हमखास विसरली जाते. नवं चाक डिकीतल्या खड्ड्यात मावतं का ते तिथेच ठेवून बघा. जुन्या मापाची स्टेपनी ठेवली आणि व्यास जवळपास तोच असेल तर दुकानापर्यंत जायला चालेल. व्यासात मोठा फरक असेल आणि ती इंजिन फिरवतं त्या ॲक्सलवर लागली तर डिफरन्शियल, म्हणजे दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरचा संच, सरळ रस्त्यावरही सतत फिरत राहतो, तेव्हा लांब जाऊ नका.

तुमच्या भागातल्या वाहन-नियमांत आणि विम्याच्या अटींत टायरचं माप बदलायला काय परवानगी आहे, ते टायर घेण्याआधी विचारून ठेवा. गाडीत हवेच्या दाबाचा इशारा देणारा दिवा असेल तर टायर बदलल्यावर तो पुन्हा जुळवून घ्यावा लागतो, रीत पुस्तकात असते.

पहिले काही दिवस

नव्या टायरवर साच्यातून सुटण्यासाठी वापरलेल्या पदार्थाचा थर राहतो, तो झिजेपर्यंत पकड पूर्ण येत नाही. पहिले तीनशे किलोमीटर जोरात ब्रेक आणि जोरात वळणं टाळा. साचलेल्या पाण्यातून जाताना जुन्या सवयीच्या वेगापेक्षा कमी वेग ठेवा. पन्नास ते शंभर किलोमीटर झाले की नट पुन्हा टॉर्क पान्याने तपासा.

हजार किलोमीटरनंतर एकदा, गाडी भरून कुठेतरी जाऊन आल्यावर, पुन्हा गुडघे टेका. स्टेअरिंग पूर्ण वळवून ठेवा म्हणजे पुढच्या टायरची मागची बाजू बाहेर येते, आणि आतल्या खांद्यावरून हात फिरवा. खडबडीत लागला तर सगळं ठीक आहे. गुळगुळीत, चकचकीत पट्टा लागला तर समोर अस्तरावर किंवा शॉकअपवर त्याच्या जोडीची खूण सापडेल. नुसतं प्लास्टिक सैल होऊन पुढे आलेलं असेल तर क्लिप बदलून भागतं. शॉकअपवर किंवा स्प्रिंगच्या बशीवर खूण असेल तर त्या दिवसापासून गाडी लांब नेऊ नका आणि एक माप अरुंद टायर लावून घ्या, कारण तिथे भिंत कापली जाते आणि कापलेली भिंत दुरुस्त होत नाही.